पाळी चुकण्याआधीची नोंद

मूत्रपिंड बदललेल्या बाईला मूल होऊ शकते का, हा प्रश्न केव्हाच निकालात निघाला. १९५६ साली जुळ्या बहिणीचे मूत्रपिंड मिळालेली अमेरिकेतली एडिथ हेल्म १९५८ मध्ये बाळंत झाली. पुण्यात तर ऑक्टोबर २०१८ मध्ये प्रत्यारोपित गर्भाशयातून मूल जन्माला आले. आता मुद्दा उरतो तो वेळेचा, आणि ही वेळ सांभाळण्याचे काम वर्धा जिल्ह्यातल्या आंजी (मोठी)सारख्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातूनच सुरू व्हायला हवे.

कारण गोळ्यांच्या पिशवीत आहे. शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून रोज घ्यायच्या गोळ्यांपैकी मायकोफेनोलेटमुळे गर्भात व्यंग येऊ शकते. ती दिवस राहण्याच्या किमान सहा आठवडे आधी थांबवून बहुधा अझाथायोप्रिन देतात. टॅक्रोलिमस मात्र सोडायची नसते. उलट गरोदरपणात तिचे रक्तातले प्रमाण घसरते, म्हणून अनेकदा मात्रा वाढवावी लागते. बाळाच्या काळजीपोटी घरच्यांनी सगळ्याच गोळ्या बंद करायला लावल्या, तर मूत्रपिंडच हातचे जायचे. त्यात प्रत्यारोपणानंतर काही महिन्यांतच पाळी सुरळीत होते, डॉक्टर मात्र किमान वर्षभर थांबायला सांगतात. क्रिएटिनिन स्थिर हवे, रक्तदाब आटोक्यात हवा. हा मधला काळ गर्भनिरोधनाचा, म्हणजे आशाताईंच्या कामाचा. दर महिन्याच्या ९ तारखेची सरकारी तपासणी दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या गर्भवतींसाठी असते. या बाईसाठी तोवर फार उशीर झालेला असतो.

अशा बायका असतील किती, असे कोणी म्हणेल. थोड्याच आहेत. १९९५ ते २०२१ या काळात देशात झालेल्या ३६,६४० अवयव प्रत्यारोपणांपैकी स्त्रियांच्या वाट्याला आली ६,९४५. पण घरभेटीत एक प्रश्न जादा विचारायला पैसे पडत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मोठ्या मुश्किलीने मिळालेले मूत्रपिंड पणाला का लावायचे? धोका खोटा नाही. अशी जवळपास निम्मी बाळे अपुऱ्या दिवसांची जन्मतात आणि आईचा रक्तदाब चढण्याची भीती नेहमीपेक्षा बरीच जास्त असते. तरीही मूत्रपिंड आधीपासून नीट काम करत असेल, तर बाळंतपणामुळे ते निकामी होण्याची शक्यता फारशी वाढत नाही. आणि नुसती मनाई केली, तर मुलाची इच्छा मरत नाही. ती डॉक्टरांपासून लपवली जाते, एवढेच.

आंजीत सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र आहे, म्हणजे तज्ज्ञांपर्यंतची वाट तयार आहे. प्रत्यारोपण झालेल्या स्त्रीचे नाव गर्भवतींच्या यादीत येण्याआधी आशाताईंच्या वहीत यावे, एवढा आदेश जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी काढावा.