मोकळी भुई

लहान घर कसे सजवावे हे सांगणारे पंडित अलीकडे उदंड झाले आहेत. माझे त्यांच्याशी भांडण आहे. जुन्नरच्या दोन खोल्यांत मी त्यांच्या सल्ल्याने सोफा, टेबल, दिवाण कोंबले; आणि दिवाळीला घोडेगावहून आई आली, तेव्हा तिला अंग टाकायला जागा नव्हती!

तिच्या माजघरात दिवसा धान्य निवडत, रात्री वाकळा अंथरून दहाजण निजत. लेण्याद्रीचे ७ वे लेणे पाहा : भोवती २० खोल्या, मध्ये बिनखांबी मंडप. भिक्षूंच्या त्या विहारात आज गिरिजात्मज नांदतो. मोकळे होते, म्हणूनच ते दुसऱ्या कामी आले.

सोफा मी विकला. घर लहान नव्हतेच. लहान आम्ही केले होते.