तीन पानांचा निबंध

प्रयोगशाळेत किंवा रुग्णालयात नुकतेच काम करू लागलेल्या तरुणांच्या वहीत अनेक लहान निरीक्षणे पडून असतात. कुठे एखाद्या औषधाला रुग्णाने दिलेला अनपेक्षित प्रतिसाद असतो, कुठे अपेक्षेविरुद्ध उत्तर देणारा एखादाच प्रयोग. ‘एवढ्याशा गोष्टीचा काय निबंध होणार?’ असे म्हणून वही मिटली जाते. अशी किती वह्या मिटून जातात, याचा हिशेब कोण ठेवणार?

डॉ. हिम्मतराव बावस्कर महाड परिसरात सरकारी वैद्यकीय अधिकारी होते, तेव्हा कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः लहान मुले, दगावत असत. मोठी यंत्रसामग्री हाताशी नव्हती. रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी घाम, उलट्या, थंड पडणारे हातपाय व हृदयाची स्थिती यांची काटेकोर नोंद ठेवली. त्यावरील तीन पानांचा निबंध १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे प्राझोसिन या औषधाचा उपयोग त्यांनी दाखवून दिला आणि या दंशाचे मृत्यू फार मोठ्या प्रमाणात घटले.

असेच दुसरे उदाहरण लॉस एंजलिसचे. तेथील तरुण प्राध्यापक डॉ. मायकेल गॉटलीब व त्यांचे सहकारी यांनी पाच रुग्णांतील दुर्मीळ न्यूमोनियाविषयी लिहिलेले छोटे टिपण ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात आले. वैद्यकशास्त्रातील एड्सची ती पहिली नोंद ठरली. आणखी रुग्ण जमेपर्यंत ते थांबले असते, तर इतर डॉक्टरांना सावध होण्यास तितकाच विलंब झाला असता.

आज लहान निबंधांना जागाही आहे. ‘मायक्रोपब्लिकेशन बायॉलॉजी’ हे नियतकालिक एका प्रयोगाचा, एका आकृतीचा निष्कर्ष तज्ज्ञांकडून तपासून घेऊन छापते. नकारात्मक निष्कर्षही तेथे स्वीकारले जातात. अनेक वैद्यकीय नियतकालिके एकाच रुग्णाचा वृत्तान्त किंवा संपादकास लिहिलेले पत्र घेतात. मजकूर थोडा असला तरी शिस्त तीच लागते. प्रश्न एकच असावा. पद्धत अशी लिहावी की दुसऱ्याला तोच प्रयोग करून पाहता येईल. रुग्णाची लेखी संमती घ्यावी व त्याची ओळख उघड होऊ देऊ नये. लेखकांची नावे व त्यांचा क्रम आरंभीच ठरवावा.

एक धोका मात्र ओळखला पाहिजे. ‘शुल्क भरा, आठवड्यात छापू’ असे आमंत्रण देणारी बनावट नियतकालिके नवख्यांनाच गाठतात. तेथे तपासणी नावापुरती असते; पैसे तर जातातच, शिवाय खरे कामही तेथे अडकून पडते. निबंध पाठवण्यापूर्वी संपादक मंडळातील व्यक्तींची खातरजमा करावी, जुने अंक वाचावेत आणि अनुभवी माणसाला विचारावे.

हे अनुभवी माणूस बहुधा आपल्या घरातच किंवा ओळखीत असते. आपल्या वाचकांत ज्येष्ठ डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत, निवृत्त संशोधक आहेत. त्यांनी एखाद्या तरुणाचा कच्चा मसुदा वाचून समासात चार खुणा केल्या, योग्य नियतकालिकाचे नाव सुचवले आणि पहिला नकार आल्यावर तो पुन्हा लिहावयास बसवला, तरी पुष्कळ झाले. यासाठी महिन्यातील एक संध्याकाळ पुरेशी आहे. घरच्यांनीही ‘किती निबंध छापले?’ असे विचारण्यापेक्षा ‘काय आढळले?’ असे विचारावे. सांगता सांगता त्या मुलालाच आपल्या वहीतील गोष्ट लिहिण्याजोगी आहे, हे उमगेल.