छंद म्हणू नका

भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यातून मी जुनं मिलिंग मशीन घेतलं. मालकाने किलोच्या भावाने दिलं. वजनकाट्याची पावती अजून माझ्याकडे आहे. तिच्यावर मशीनचं नाव नाही, नुसतं ‘लोखंड’ लिहिलंय.

ऑफिसात सांगितलं तर एक म्हणाला, ‘भारी हॉबी आहे यार.’ दुसरा म्हणाला, ‘ऑनलाइन ऑर्डर दे ना, सीएनसीवर करून देतात.’ देतात. स्वस्तातही देतात. तरी माझं भांडण या दोन वाक्यांशीच आहे.

मी कॉम्प्युटरचा, पण पहिल्या वर्षी वर्कशॉप सगळ्यांनाच होतं. लोखंडाचा तुकडा कानशीने घासायचा, काटकोन जमला नाही की वर्कशॉपमधले मामा उरलेलं करून द्यायचे, आणि आम्ही जर्नल एकमेकांचं बघून उतरवायचो. मार्क सगळ्यांना चांगले. मामांचं नाव आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं.

आता मशीनकडे येतो. मुर्ध्यात आमचं बैठं घर आहे म्हणून हे जमलं. फ्लॅटचा स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो वापरभार धरून डिझाइन करतात. पाऊण टनाचं धूड तिथे चढवायचा विचारही करू नका. घरात सिंगल फेज, मोटर थ्री फेज. व्हीएफडी आणला. पण त्यातून २३० व्होल्ट निघतात आणि मोटर ४१५ची, स्टारमध्ये बांधलेली. डेल्टा केल्याशिवाय तिच्यात जोर येणार नाही. स्टार-डेल्टाची सूत्रं मी परीक्षेत लिहून आलो होतो. नेमप्लेटवर बोट ठेवून ती मला समजावली त्याच गाळ्यात आयुष्यभर मिलिंग केलेल्या काकांनी. आयटीआय झालेले. त्यांचा शेवटचा पगार माझ्या पहिल्या पगारापेक्षा कमी होता.

लेव्हल त्यांनीच लावली, चार कोपऱ्यांत पत्र्याच्या पट्ट्या सरकवत. मग स्पिंडलमध्ये डायल अडकवून हाताने गोल फिरवली: एका बाजूला शून्य, समोरच्या बाजूला बारा शतांश मिलिमीटर. म्हणजे हेड कललेलं. बोल्ट सैल करायचा, हलकेच ठोकायचं, परत डायल बघायची. दुपार गेली. मी कंटाळून म्हणालो, ‘काका, चालेल की एवढं.’ ते म्हणाले, ‘अरे इंजिनिअर, चालेल ते तुझ्या कॉम्प्युटरात. इथे जॉबवर दिसतं.’

(कॉम्प्युटरातही दिसतं, फक्त तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या कोणाला तरी.)

पहिला कटर मी मोडलाच. स्क्रू झिजलेला, टेबलाला अर्ध्या मिलिमीटरची ढिलाई, आणि मी फीड दिला कटर फिरतो त्याच दिशेने. कटरने जॉब स्वतःकडे ओढला, टेबलाने उडी मारली, खाट्. जुन्या मशीनवर उलट्या दिशेनेच कापायचं, हे मला तेव्हा कळलं.

आता सांगा, या दोघांत इंजिनिअर कोण? दर १५ सप्टेंबरला अभियंता दिनाचे स्टेटस आपण टाकतो, आणि आयटीआयला जाणाऱ्या पोराबद्दल ‘मार्क कमी पडले वाटतं’ असंही आपणच म्हणतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकायला जे. जे.मध्ये गेले होते. इंजिनिअरिंगची पदवी नसलेल्या त्या माणसाने १९१० साली किर्लोस्करवाडी उभी केली. आपल्याकडे पदव्या ढिगाने आहेत, आणि काकांसारख्या माणसाच्या हाताला आपण ‘लेबर’ म्हणतो. हा हात गेला की परत कुठून ऑर्डर करणार?

मिठागरांची हवा आहे, टेबलाला रोज तेल पुसावं लागतं. काका रविवारी येतात, चहा घेतात, चुका काढतात. त्यांच्या गाळ्यात एक शेपर अजून उभा आहे. भंगारवाला भाव सांगून गेलाय. माझ्या घरात आता जागा नाही. तुमच्यापैकी कोणाच्या तळमजल्यावर असेल, तर या रविवारी या.