सातबारा तपासतो, परवाना का तपासत नाही?

आपल्या गावात कोणी गुंठाभर जमीन घेऊ लागला, तर तो आधी सातबारा मागतो, फेरफार पाहतो, चार वडीलधाऱ्यांना विचारतो आणि वकिलाच्या नजरेखालून कागद गेल्याशिवाय विसाराचा एक रुपयाही देत नाही. तोच गृहस्थ मुलाला कॅनडाला धाडायचे ठरले, की लग्नाच्या मांडवात कानावर आलेल्या कुणा एजंटाच्या हाती पासपोर्ट, लाखो रुपये आणि कोऱ्या अर्जावरील सही देऊन मोकळा होतो. जमिनीविषयी एवढी सावधगिरी आणि पोटच्या पोराविषयी एवढा भोळेपणा! याला काहीजण विश्वास म्हणतात. मी आळस म्हणतो.

यावर ठरलेले उत्तर येते, "आम्हाला कायद्यातले काय कळते? तो सगळे करून देतो." नेमके येथेच पाणी मुरते. अर्ज कोणीही भरला, तरी उत्तरदायी अर्जदारच असतो. आमच्या नात्यातील एका मुलाच्या अर्जाला एजंटाने अनुभवाचा खोटा दाखला जोडला. मुलाने तो पाहिलाही नव्हता. खोट्या माहितीबद्दल कॅनडाचा कायदा पाच वर्षांची बंदी घालतो. ती त्या मुलावर आली, एजंटावर नव्हे. अमेरिकेत अशी बंदी आजन्मही असू शकते.

आणि खातरजमा करणे इतके का कठीण आहे? कॅनडात मोबदला घेऊन असा सल्ला देण्याचा अधिकार प्रांतिक विधिसंस्थांच्या सदस्यांना आणि २०२१ साली सुरू झालेल्या 'कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स'च्या परवानाधारकांनाच आहे. त्यांची नावे घरबसल्या इंटरनेटवर पडताळता येतात. अमेरिकेत एखाद्या राज्याच्या बारचा सदस्य असलेला वकील लागतो, किंवा सरकारमान्य सेवाभावी संस्थेचा अधिकृत प्रतिनिधी. तेथील बिशपांनी तर १९८८ साली 'कॅथलिक लीगल इमिग्रेशन नेटवर्क' स्थापन करून अशा संस्थांना बळ दिले. आखाती नोकरीसाठी माणसे पाठविणारा एजंट १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदलेला असावा लागतो, आणि त्याच्या सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी एवढीच आहे. मग आपण लाख-दीड लाख कशाचे मोजतो?

अज्ञानाचे आणखी दोन नमुने पाहा. "व्हिसा दहा वर्षांचा आहे, हवे तितके राहू," असे म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. वस्तुतः अमेरिकेच्या व्हिसावरील तारीख ही केवळ दाराशी उभे राहण्याची मुदत असते. आत किती दिवस राहायचे, ते प्रवेशाच्या वेळी होणाऱ्या 'आय-९४' नोंदीत ठरते. दुसरे, "भावाने अर्ज भरला आहे, दोन-तीन वर्षांत जाऊ." भारतीयांसाठी भावंडांच्या वर्गातील प्रतीक्षा दीड दशकाहून अधिक आहे. या भरवशावर कोणी नोकरी सोडतो, कोणी वाडी विकतो!

चांगला वकील ओळखणे अवघड नाही. तो करार लेखी करतो, पैशांची पावती देतो, सादर केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत आपल्या हाती ठेवतो; आणि प्रसंगी "तुमचे काम होणार नाही" असेही स्पष्ट सांगतो. निर्णय व्हिसा अधिकाऱ्याचा असतो, हे त्याला ठाऊक असते. 'हमखास व्हिसा' विकणाऱ्याच्या पायरीवर पाऊलही ठेवू नये.

आपल्या आजोबांनी सावकाराच्या कागदावर अंगठे उठविले आणि जमिनी गमावल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांचा दोष तो काय? पुढे धर्मग्रामांच्या शाळांनी तो अंगठा पुसला. त्याच शाळांतून शिकून पदवीधर झालेले आपण आज कोऱ्या कागदावर सही करून देतो. ही सही म्हणजे सुशिक्षितांचा अंगठाच नव्हे काय?