विमान विकत घेणे आणि विमान घडविणे

कोल्हापूरजवळ उजळाईवाडीच्या माळावर १९३९ मध्ये विमानतळ सुरू झाला, तो छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत. त्या काळी विमान ही राजेरजवाड्यांच्या आणि सरकारच्या आवाक्यातील वस्तू होती. आता त्याच विमानतळावरून सामान्य प्रवासी तिकीट काढून ये-जा करतो. परंतु स्वतःच्या मालकीचे विमान ही गोष्ट आजही मूठभर धनिकांपुरतीच आहे. शाळेतील शिक्षक, कचेरीतील कारकून किंवा तंत्रनिकेतनातील विद्यार्थी उद्या विमान विकत घेईल, असा संभव नाही. मग खासगी विमानाची चर्चा त्याने कशासाठी करावी? उत्तर असे की विमान बाळगण्याचा एक दुसराही मार्ग जगात रूढ झालेला आहे. तो विकत घेण्याचा नसून घडविण्याचा आहे आणि त्याचा संबंध थैलीशी कमी व हातातील कसबाशी अधिक आहे.

दोन्ही मार्गांतील भेद प्रथम नीट ध्यानात घ्यावयास हवा. कारखान्यात तयार झालेले विमान विकत घेणारा केवळ यंत्राची किंमत मोजत नाही, तो विश्वासाची किंमत मोजतो. अमेरिकेतील सेसना १७२ हे चार आसनी विमान १९५५ मध्ये प्रथम उडाले आणि त्याची आजवर ४४ हजारांहून अधिक विमाने तयार झाली. इतक्या विमानांनी केलेल्या उड्डाणांचा अनुभव त्या एका नमुन्याच्या पाठीशी उभा असतो. त्याचा आराखडा, त्याचे सुटे भाग, त्याची देखभाल हे सारे प्रमाणित असते. मात्र या विश्वासाबरोबर परावलंबनही येते. मालकाला मनात येईल तो भाग बसविता येत नाही; परवानाधारक तंत्रज्ञाच्या सहीवाचून विमान आकाशात नेता येत नाही. विमान त्याचे असते. विमानाचे ज्ञान मात्र दुसऱ्याचे असते.

घडविण्याचा मार्ग नेमका उलटा आहे. अमेरिकेत १९५३ मध्ये पॉल पोबरेझनी यांनी हौशी विमाननिर्मात्यांची एक संघटना स्थापन केली. तेथील कायद्यानुसार विमानाच्या निर्मितीचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी स्वतः केले असेल, तर त्या विमानाला 'प्रायोगिक' या वर्गात परवानगी मिळू शकते. प्रवाशाला दिसेल अशा ठिकाणी तो 'प्रायोगिक' शब्द लिहावा लागतो. आरंभीची सुमारे २५ ते ४० तासांची उड्डाणे नेमून दिलेल्या क्षेत्रात प्रवाशांवाचून करावी लागतात, अशी तेथील रूढ पद्धत आहे. या सर्वांतून पार पडलेल्या निर्मात्याला त्याच्या स्वतःच्या विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करण्याचे प्रमाणपत्र मिळू शकते. ज्याने प्रत्येक रिव्हेट स्वतः ठोकली, त्याला ते यंत्र ठाऊक आहे, हे तत्त्व कायद्याने मान्य केले आहे.

अर्थात या मार्गाचे गोडवे गाताना त्यातील धोका झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये या विमानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बिगर-व्यापारी वापराच्या छोट्या विमानांत हौशी बनावटीच्या विमानांचे प्रमाण सुमारे १० टक्के होते. परंतु २०११ मधील एकंदर अपघातांत त्यांचा वाटा सुमारे १५ टक्के आणि प्राणघातक अपघातांत २१ टक्के होता. इंजिन बंद पडणे आणि वैमानिकाचा ताबा सुटणे ही प्रमुख कारणे आढळली. उत्साह हे गुरुत्वाकर्षणावरचे औषध नव्हे. म्हणूनच हा मार्ग खुला ठेवावयाचा तर तो मोकाट ठेवून चालत नाही. तो बंद करावा असा मात्र याचा अर्थ होत नाही. अमेरिकेने तो बंद केला नाही. दोष शोधले आणि सुधारणा सुचविल्या.

महाराष्ट्रात हा प्रश्न काल्पनिक राहिलेला नाही. व्यवसायाने वैमानिक असलेले कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागातील आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभे केले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत भरलेल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. गच्चीवर तयार झालेले विमान क्रेनने खाली उतरविण्यात आले, याचे सर्वांना कौतुक वाटले. खरी चढण पुढेच होती. विमानाची नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये झाली, उड्डाणाचा परवाना ऑक्टोबर २०१९ मध्ये मिळाला आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर त्याचे चाचणी उड्डाण झाले. म्हणजे लोकांनी पाहिलेले विमान आकाशात जाण्यास चार वर्षांहून अधिक काळ लोटला. यात कोणा एका अधिकाऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. ज्या व्यवस्थेत विमान मोठ्या संस्थेनेच करावयाचे असे गृहीत धरलेले असते, तेथे गच्चीवरच्या विमानाला कोणत्या रकान्यात बसवावे, हाच पेच पडतो. नियमाचा रकानाच नसेल, तर प्रामाणिक अधिकाऱ्याचीही लेखणी अडते.

मराठी माणसाला या विषयात अभिमानाची उणीव नाही. परंतु अभिमान कशाचा बाळगावा, याचा विवेक हवा. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडविल्याची कथा वारंवार सांगितली जाते. तिला भरवशाचा समकालीन पुरावा नाही. प्राचीन म्हणून सांगितल्या जाणाऱ्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये छाननी केली आणि त्यातील विमाने उडण्यायोग्य नाहीत, असा निष्कर्ष काढला. याउलट ज्यांची कामगिरी कागदोपत्री सिद्ध आहे, त्यांची नावे आपल्या विद्यार्थ्यांना क्वचितच ठाऊक असतात. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची स्थापना केली. जर्मनीत लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली तेथे आखलेले व बांधलेले एचटी-२ हे शिकाऊ विमान १९५१ मध्ये उडाले. दंतकथेतील विमानाला इंधन लागत नाही. खऱ्या विमानाला आकडेमोड लागते, हा त्यातील धडा आहे.

कोल्हापूरच्या दृष्टीने तर या धड्याला विशेष अर्थ आहे. विकत आणता येणारी वस्तू स्वतः घडवून पाहण्याची परंपरा या परिसराला नवी नाही. परदेशी कॅमेरा सहज मिळत नाही म्हणून हातावर हात ठेवून न बसता बाबूराव पेंटर यांनी १९१८ च्या सुमारास सहकाऱ्यांच्या साह्याने येथेच कॅमेरा घडविला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. शेजारच्या बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर पुढे लोखंडी नांगराचे कारखानदार झाले. अमेरिकेतील राइट बंधूही सायकलींचेच दुकानदार होते आणि १९०३ च्या त्यांच्या विमानाचे इंजिन त्यांच्याच दुकानातील चार्ल्स टेलर या मेकॅनिकने तयार केले. शिवाजी उद्यमनगरातील लेथ आणि शिरोली, गोकुळ शिरगाव येथील फौंड्र्या पाहणाऱ्याला हे नाते सांगावे लागत नाही. ओतकाम, कातकाम, जोडकाम यांची जाण येथे पिढ्यान्‌पिढ्या झिरपलेली आहे.

पण येथेच एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. अडल्या वेळी काहीतरी करून यंत्र चालू करणे, ही कारागिराची खुबी मानली जाते. पंपाच्या ओतीव भागात पोकळी राहिली, तर शेतकऱ्याची एक पाळी चुकते. विमानाच्या भागात ती राहिली, तर माणूस जातो. विमानबांधणीत प्रत्येक धातूचा तुकडा कोठून आला, प्रत्येक नट किती ताणाने आवळला, पत्रा झाकण्यापूर्वी आतील जोड कोणी तपासला, याची नोंद ठेवावी लागते; आणि करणाऱ्याचे काम दुसऱ्या जाणत्या नजरेखालून जावे लागते. कोल्हापूरच्या कारागिराजवळ हात आहे, डोळा आहे. अनेकदा नसते ती वही. विमान घडविण्यातून या शहराला मिळावयाचे मोठे धन उड्डाण नव्हे, तर ही वहीची शिस्त होय. जी मुले एका पंखाची अशी नोंद ठेवून बांधणी करतील, ती उद्या पंपाचे, मोटारीच्या भागाचे किंवा रुग्णालयातील उपकरणाचे कामही त्याच कसोटीने करतील.

शाळांची छपरे गळत असताना विमाने कसली बांधता, असा आक्षेप घेतला जाईल. आक्षेप सहृदय आहे. परंतु तो विकत घेण्याच्या खर्चाला जितका लागू पडतो, तितका शिकण्याच्या खर्चाला लागू पडत नाही. शिवाय कोणी उद्याच विमान उडवावे, असे येथे सुचवावयाचे नाही. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालये, तंत्रनिकेतने आणि उद्यमनगरातील अनुभवी कारागीर यांनी एकत्र येऊन आरंभी ग्लायडरचा एखादा पंख, नियंत्रणाची एखादी जोडणी एवढेच करावे. तो पंख वाळूच्या पिशव्यांचा भार टाकून मोडेपर्यंत तपासावा आणि तो का मोडला, हे लिहून ठेवावे. मोडलेला पंख हा पदवीच्या कागदाहून चांगला शिक्षक असतो.

शासनाचे कर्तव्यही मोठ्या घोषणांचे नाही. हौशी निर्मात्याने कोणाकडे अर्ज करावा, कोणत्या टप्प्यावर तपासणी व्हावी, चाचणी कोठे घ्यावी आणि निकाल किती दिवसांत मिळावा, हे साध्या मराठीत वाचता येईल इतके स्पष्ट असावे. तपासणी कडक असावी. पण ती ठरलेल्या दिवशी व्हावी. कडकपणाने निर्मात्याचे नुकसान होत नाही, अनिश्चिततेने होते.

उजळाईवाडीच्या धावपट्टीवर बाहेरून आलेली विमाने रोज उतरतील आणि उतरावीतही. परंतु एखाद्या दिवशी तेथून उडणाऱ्या लहानशा विमानाकडे पाहून उद्यमनगरातील एखाद्या वृद्ध कारागिराला 'त्याचा तो जोड माझ्या हातचा, आणि वहीत नोंदलेला' असे म्हणता आले, तर १९३९ मध्ये सुरू झालेल्या विमानतळाचे खरे सार्थक होईल.