मावणे आणि टिकणे

मळवलीजवळच्या कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर दात्याचे नाव, गाव आणि दान एवढेच कोरलेले आढळते. दगडावर लिहिणे महाग, म्हणून मजकूर मोजका; पण तो सुमारे दोन हजार वर्षे टिकला. जागा आणि किंमत यांचे हेच गणित व्हिडिओ गेमच्या यंत्रांनाही चुकले नाही. ‘निन्टेन्डो ६४’ (१९९६) कमाल ६४ मेगाबाइटच्या महागड्या कार्ट्रिजला चिकटून राहिले. सोनीच्या ‘प्लेस्टेशन’ने (१९९४) सुमारे ६५० मेगाबाइटची स्वस्त सीडी स्वीकारली. परिणामी ‘फायनल फँटसी ७’ (१९९७) सोनीकडे गेला आणि बाजारही. मात्र खोल चरा पडला की सीडी मुकी होते. क्षमता आणि किंमत बाजारातले आयुष्य ठरवतात, स्मृतीचे नव्हे. जुन्या मराठी नियतकालिकांचे संगणकीकरण करताना म्हणूनच ‘किती मावते?’ याआधी ‘किती टिकते?’ हे विचारायला हवे.