भय आणि भयगंड : विद्यार्थ्यांना काय शिकवावे?

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात भयज अतिसाराचे वर्णन असून त्यावर वातहर उपचारांसमवेत हर्षण व आश्वासन सांगितले आहे. आपल्या विद्यार्थ्यांना हे तोंडपाठ असते. मात्र रुग्णाने ‘भीती वाटते’ म्हणताच चार धीराचे शब्द आणि सारस्वतारिष्टाची बाटली देऊन ते मोकळे होतात. भीती कशाची आणि तिच्यापायी रुग्णाने काय काय सोडून दिले, हे विचारण्याची सवय आपण त्यांना लावत नाही.

सापाच्या धास्तीने शेतकरी रात्री विजेरी घेऊन बांधावर जातो. ही प्राकृत भीती, ती त्याचे रक्षण करते. त्याच धास्तीने शेतावर जाणेच सोडले, चित्रातला साप पाहूनही घाम फुटू लागला आणि हे सहा महिन्यांहून अधिक काळ चालले, तर तो भयगंड. कालमर्यादा २०१३ च्या डीएसएम-५ मधील आहे. पण विद्यार्थ्याने मुख्यतः शोधावी ती टाळाटाळ. टाळल्याने क्षणभर हायसे वाटते आणि तेवढ्यानेच भय दृढ होते.

रक्ताच्या व सुईच्या भयगंडाची तऱ्हा निराळी. एरवी भयात नाडी व रक्तदाब वाढतात. येथे ते वाढून एकाएकी घसरतात आणि रुग्ण मूर्च्छित होतो. म्हणून जलौकावचरण वा सिरावेध करण्यापूर्वी ‘रक्त पाहून कधी चक्कर आली होती का?’ असे विचारावे आणि तशा रुग्णाला आडवे निजवूनच कर्म करावे.

सुश्रुताने कल्पस्थानात सांगितलेला जलत्रास मात्र भयगंड नव्हेच. ‘हायड्रोफोबिया’ या नावाने विद्यार्थी फसतो. पाणी पाहून घसा आवळत असेल, तर प्रथम श्वानदंशाचा इतिहास घ्यावा आणि रुग्णाला तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

उन्मादचिकित्सेतील त्रासनाचा दाखला देऊन भयगंडाच्या रुग्णापुढे एकदम साप धरण्याचा सल्लाही काहीजण देतात. तो सर्वथा त्याज्य आहे. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये मांडलेली पद्धत पायरीपायरीची आहे : आधी शरीर शिथिल करणे, मग सौम्य भयप्रसंगाची कल्पना, मग त्याहून तीव्र. सत्त्वावजयाच्या तासाला ती प्रात्यक्षिकासह शिकवता येईल.

औषधी दुकानदारांनाही एक विनंती. तोच ग्राहक महिनोन्महिने ‘भीतीवरचे औषध’ नेत असेल, तर पुढची बाटली देण्याआधी त्याला वैद्याकडे पाठवावे.